नानांचं पाव्हणं

आमच्या शेजारच्या नाना टेकाळ्यांनी साबण सोडला. कुठल्या महाराजांच्या सांगण्यावरून नाही की कातडीच्या डॉक्टरच्या सल्ल्यानं नाही. एका झाडासाठी सोडला.

आमच्या अंबडला उन्हाळ्यात पाण्याची किंमत सगळ्यांनाच कळते. नानांना ती जरा जास्त कळायची. न्हाणीघरातलं पाणी नुसतं गटारात जातं ही गोष्ट एका उन्हाळ्यात त्यांच्या जिवाला लागली. त्यांनी परसात त्या झाडाच्या आळ्याला लागून एक फरशी टाकली आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून तिथं उघड्यावर अंघोळ सुरू केली. एका बादलीत दोघांचं भागलं. मग एक दिवस आळ्यात साबणाचा फेस तरंगताना दिसला आणि नाना अर्ध्या अंघोळीतच थांबले. साबण बंद झाला, डाळीचं पीठ सुरू झालं. पिठाला मुंग्या लागल्या आणि त्या मुंग्या झाडावर चढल्या, म्हणून पीठही बंद. शेवटी उरलं ते पाणी आणि पाय घासायची वजरी.

"सर," ते मला म्हणाले. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळं गल्लीत मी सर. "मी काय कोळशाच्या खाणीतून येऊन राह्यलो का? घाम हाय. पाण्यानं जातोय."

ते झाड कशाचं, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. नानांनाही नाही. नाव माहीत नसताना नुसतं 'झाड' म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. ते त्याला 'पाव्हणं' म्हणत. "आज पाव्हणं जरा गप गप हाय." "पाव्हण्यानं पान काढायला घेतलंय सर, दार हळू लावत जा." दार आमचं, झाड त्यांचं, मध्ये भिंत. तरी आम्ही दार हळू लावायचो.

नानांची सगळी नोकरी अंकुशनगरला गेली, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. मोटारसायकलवरून रानोमाळ हिंडायचं आणि लोकांचे ऊस बघायचे. "ऊस म्हंजे काय सर? गवत. आयुष्यभर गवताची नोकरी केली," असं ते हसत सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं आणि परसात गवताची एक काडी उगवू दिली नाही.

त्यांची बोलण्याची एक तऱ्हा होती. कोणी काहीही सांगितलं की ते आधी मान डोलवून "बराबर हाय" म्हणायचे. समोरचा खूश व्हायचा. मग थोडं थांबून, "पर बिलकुल बराबर न्हाई." ह्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मी कित्येक माणसं फसलेली पाहिली आहेत.

पाव्हण्याचं बी आणलं होतं नलिनीकाकूंनी, नानांच्या पत्नीनं. गल्लीतल्या बायका मिळून बसनं दक्षिणेकडं देवदर्शनाला गेल्या होत्या. वाटेत कुठंतरी बस बिघडली. रस्त्याकडेला चहाची टपरी होती, टपरीमागं एक उंच वाळलेलं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी गोटीपेक्षा मोठ्या, गुळगुळीत, दगडासारख्या बियांचा सडा पडलेला. काकूंनी त्यातली एक उचलून पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर नानांनी उलटतपासणी घेतली ती मी भिंतीपलीकडून ऐकली होती.

"गाव कोणतं व्हतं?"

"बस थांबली ते."

"पाटी वाचली न्हाईस का?"

"वाचली की. सगळी जिलेबीसारखी अक्षरं. तुम्ही वाचून दाखवा."

"झाड कसं व्हतं?"

"वाळलेलं व्हतं म्हणलं ना. वाळलेल्या झाडाला काय बघायचं?"

नानांनी तेलाचा रिकामा डबा कापून त्यात ते बी लावलं. महिने गेले, काही उगवलं नाही. त्या हिवाळ्यात काकूंना ताप आला, जालन्याच्या दवाखान्यात नेलं, आणि बघता बघता काकू गेल्या. हैदराबादला नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत आला, दिवस उरकून परत गेला. घर एकदम मोठं झालं. नाना दुपारभर ओट्यावर बसून समोरच्या उन्हाकडं बघत राहायचे. आम्ही जेवायला बोलावलं तर यायचे, खाली बघून जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे आणि जायचे.

मग एका सकाळी भिंतीवर त्यांचं डोकं दिसलं. "सर, इकडं या. रिटायर होऊन बी सुटका न्हाई. डब्यात ऊस उगवला."

मी जाऊन पाहिलं. खरंच, उसाच्या कोंभासारखं एक हिरवं पातं होतं. पण नाना त्याच्याजवळ उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला, आणि हळूहळू त्यांचा चेहरा पालटला. त्या पात्याला उभ्या चुण्या होत्या, घडी करून ठेवलेल्या कोऱ्या धोतरासारख्या.

"ऊस न्हाई," ते कुजबुजले, जणू जोरानं बोललं तर ते परत आत जाईल. "हे कोणीतरी दुसरंच आलंय."

तेव्हापासून पाव्हण्याचा शोध सुरू झाला आणि तो कित्येक वर्षं चालला, कारण पाव्हण्याला घाई नव्हती. वर्षाकाठी पान काढायचं, तेही मर्जी असेल तर. डब्यातून ते जमिनीत गेलं. आधीची पानं नुसती लांबट, मग कडेनं चिरत जाणारी, आणि मग एका वर्षी एक पान उघडलं ते थेट पंख्यासारखं. ते उघडायला पंधरवडा लागला असेल. नाना रोज दुपारी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत. ऊन सरकायचं, चिमण्या आळ्यात येऊन पाणी प्यायच्या, आणि ते घडीचं पान इतकं सावकाश सुटत जायचं की बघताना काही हलल्यासारखं वाटायचं नाही. डुलकी लागून जाग आली की मात्र एक घडी कमी झालेली असायची. मीही सुट्टीच्या दिवशी कधीकधी बसलो आहे. तिथं बसलं की वेळ कुठं जातो ते कळत नसे. कॉलेजात मला पेपर तपासायचे आहेत, हेही खरं वाटेनासं व्हायचं.

मे महिन्यात नाना छत्री घेऊन बसायचे. छत्री कोवळ्या पानावर, नाना उन्हात. "तुमच्या डोक्यावर घ्या की," माझी बायको सुनीता म्हणाली. नाना म्हणाले, "वहिनी, मला सावलीत जाता येतंय. त्याला येतंय का?"

नर्सरीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "शोभेचा पाम आहे नाना, गाडीभर पडलेत माझ्याकडं." नाना म्हणाले, "बराबर हाय," आणि त्याच्या नर्सरीत जाऊन एकेका कुंडीसमोर उभे राहून परत आले. "पर बिलकुल बराबर न्हाई." कुंभार पिंपळगावच्या त्यांच्या मेव्हण्यानं छातीठोक सांगितलं की हा ताड आहे, पुढं ताडी निघेल. मेव्हणा तेव्हापासून वारंवार चौकशी करायला येऊ लागला. शेवटी मी मोबाइलवर झाडं ओळखणारं ॲप घेतलं. फोटो काढताना नाना आळ्यात उभे होते, त्यांचा गुडघा मध्ये आला. ॲपनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, सुरण.

नानांनी वाकून आपल्या गुडघ्याकडं नीट बघितलं. "बराबर हाय," ते म्हणाले.

पाव्हणं मोठं झालं तसं त्याचं एक पान भिंत ओलांडून आमच्याकडं आलं. त्याच्या देठाला दोन्ही कडांनी काळे दाते होते, आणि त्यांनी सुनीताची वाळत घातलेली साडी फाडली. सुनीता चिडली, आणि तिचं चुकलं नव्हतं. "नाना, एवढं एक पान कापा," ती म्हणाली. नाना आत गेले. संध्याकाळी ठोकाठोक ऐकू आली. बघतो तर नाना घण घेऊन भिंतीचा वरचा भाग फोडत होते, पानाला आपल्या बाजूला वळायला जागा व्हावी म्हणून.

"अहो नाना, भिंत कशाला?"

"भिंत काय, परत बांधता येतीय."

भिंत परत बांधली नाही. त्या खिंडारातून मला त्यांचं परस सगळं दिसू आणि ऐकू येऊ लागलं. सुनीतानं दोरी दुसरीकडं बांधली.

नाना आपली स्वप्नंही सांगायचे, आणि सगळी पाव्हण्याची. एकदा म्हणाले, "सर, सपनात पाव्हणं मत्स्योदरी देवीच्या टेकडीएवढं झाल्तं. एकाच पानाखाली सगळं अंबड निजलं व्हतं, दुपारचं. बसस्टँड, शाळा, कोर्ट, सगळं. कोणाचा आवाज न्हाई. ही तेवढी जागी व्हती, तांदूळ निवडून राह्यली व्हती."

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शनाला जालन्याहून कुलकर्णी मॅडम आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, हसऱ्या, गुडघेदुखीनं हैराण झालेल्या बाई. मी त्यांना चहाला घरी आणलं आणि खिंडारातून पाव्हणं दाखवलं. त्या चहा विसरून नानांच्या परसात गेल्या.

नानांनी घाईघाईनं सदरा घातला. मॅडमनी पानाची उलटी बाजू बघितली, देठावर बोट फिरवलं, गुडघा धरत खाली बसल्या आणि देठाचं बूड बघितलं.

"पान पंख्यासारखं आहे, पण हा देठ बघा, पानात शिरून कण्यासारखा पुढं गेलाय," त्या म्हणाल्या. "कडेला हे काळे दाते. आणि बुडाशी ह्या दोन पाळ्या, कानासारख्या. टेकाळेसाहेब, हा तुमचा बजरबट्टू आहे."

"बजरबट्टू?" नाना म्हणाले. "ते तर लहान लेकरांच्या गळ्यात बांधतेत. नजर लागू नये म्हणून."

"त्याचंच झाड. ते मणी म्हणजे ह्याचं बी. केरळात, श्रीलंकेत आढळतं. आपल्याकडं आता अगदी क्वचित कोणाच्या बागेत दिसेल. अंबडच्या कोरड्या हवेत तुम्ही हे जगवलंत कसं?"

नानांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला होता. "माझ्या बी गळ्यात व्हतं," ते म्हणाले. "आईनं बांधल्तं."

मॅडम सांगत राहिल्या. हे झाड साठ-सत्तर वर्षं नुसतं वाढतं. मग आयुष्यात एकदाच फुलतं. शेंड्यावर भला मोठा तुरा येतो, हजारो फळं धरतात, आणि ती पिकून पडता पडता झाड वाळून जातं.

"म्हंजे हिनं पाह्यलं ते वाळलेलं झाड..." नाना म्हणाले.

"त्याचं सगळं देऊन झालं होतं," मॅडम म्हणाल्या.

नाना पानाकडं बघत म्हणाले, "बराबर हाय." मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. ते आलं नाही.

मला वाटलं, आता नाना गल्लीभर पेढे वाटतील. एवढ्या वर्षांची तपश्चर्या. पण त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. माझ्या ओळखीचा एक वार्ताहर फोटो काढायला आला, तर नानांनी त्याला दारातच सांगितलं, "काही न्हाई हो, शोभेचं झाड हाय." तो माझ्याकडं संशयानं बघत गेला. मेव्हण्यालाही त्यांनी ताडीच्या आशेवर तसंच ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होतो. खिंडारापलीकडं नाना फोनवर बोलत होते. रविवारी प्रशांतचा फोन येतो हे मला माहीत होतं.

"न्हाई रे," नाना म्हणत होते. "कुणालाच सांगता येईना. जालन्याच्या एक मॅडम आल्त्या, त्या बी म्हणल्या, अवघड हाय. हां. हां. न्हाई, ताड न्हाई. ताडाचे दाते येगळे. तू काय बघितलंस? सांग की."

मी झारी खाली ठेवली. फोन झाल्यावर नाना आळ्यातली माती खुरप्यानं सैल करायला बसले. मी खिंडारापाशी गेलो.

"नाना, प्रशांतला नाव सांगितलं नाही?"

खुरपं थांबलं नाही. "ऐकलं का तुम्ही."

"ऐकू आलं."

ते थोडा वेळ माती उकरत राहिले. मग म्हणाले, "सर, ही व्हती तवा फोन हिला यायचा. मी उचलला तर तो म्हणायचा, नाना, आई हाय का? मी म्हणायचो, देतो. आमचं दोघांचं बोलणं म्हंजे तेवढंच. ल्हानपणापासून तसंच. मी रानात, तो शाळेत. फी भरली का? भरली. मारलं न्हाई, रागावलो न्हाई, पर बोलणं म्हणून न्हाईच. ही गेली, तरी फोन येतच राह्यला. त्यो बी बिचारा काय बोलणार? जेवलास का, जेवलो. पाऊस हाय का, न्हाई. ठेवू का, ठेव. फोन ठेवला की मला घाम यायचा, सर."

एक मुंगळा त्यांच्या हातावर चढला. त्यांनी तो अलगद आळ्याबाहेर सोडला.

"मंग हे उगवलं. मी सांगितलं, आईनं आणलेलं बी उगवलं. तर म्हणाला, कशाचं हाय? म्हणलं, माहीत न्हाई. त्या दिवशी पहिल्यांदा तो अर्धा घंटा बोलला. पान कसंय, देठ कसंय, फोटो पाठवा. तवापासून दर ऐतवारी इचारतो, नाना, कळलं का? इंटरनेटवर हुडकतो, कायबाय नावं सांगतो. मी म्हणतो, ते न्हाई. तो म्हणतो, मंग ते आसंल." नानांनी वर बघितलं. "आता सांगून टाकलं बजरबट्टू, तर पुढच्या ऐतवारी तो इचारंल काय?"

मी मागं फिरलो, झारी उचलली आणि उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं.

संक्रांतीला प्रशांत आला. चार दिवसांची रजा काढून, एकटाच. नानांसारखाच उंच, नानांसारखाच खाली बघून बोलणारा. सकाळी नानांनी मला हाक मारली, "सर, या, चहा टाकतो," आणि ते आत गेले. परसात मी आणि प्रशांत उभे होतो. थंडीचं कोवळं ऊन पानांच्या चुण्यांतून खाली येत होतं. आळ्यातलं पाणी अजून मुरलं नव्हतं, त्यात पानाचं प्रतिबिंब हलत होतं. प्रशांत बराच वेळ झाडाभोवती फिरला. मग एका देठावर तळहात ठेवून हळूच म्हणाला,

"चांगला वाढलाय बजरबट्टू."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो.

"तिकडं हैदराबादला आमच्या घराजवळच्या बागेत आहे एक," तो म्हणाला. "खाली पाटी लावलीय. नानांनी पहिल्या पंख्याच्या पानाचा फोटो पाठवला होता ना, तेव्हाच मी जाऊन बघून आलो."

"म्हणजे तुला इतकी वर्षं ठाऊक आहे?"

त्यानं मान डोलवली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आत कपबशा वाजत होत्या. "नानांना सांगू नका, सर," तो म्हणाला. "मला दुसरं काही विचारता येत न्हाई त्यांना."

नाना चहाचे कप घेऊन बाहेर आले. आम्हाला दिले, स्वतःचा कप घेऊन फरशीवर टेकले. नानांनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा चहाकडं. ती जुनी शांतता हळूहळू परसात उतरायला लागली होती.

प्रशांतनं घोट घेतला, मान वर करून त्या भल्या थोरल्या, गोल, पंख्याच्या पानाकडं बघितलं आणि म्हणाला,

"नाना, नारळ तर नसंल ना?"

नारळाचं पान पंख्यासारखं नसतं, हे आमच्या बालवाडीतल्या पोरांनाही सांगता येईल. नानांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला.

"नारळ? अरे, नारळाचं पान कसं असतंय माहीत हाय का तुला? बस. हिथं बस, खाली. दाखवतो."

प्रशांत पँटची घडी न बघता ओल्या मातीत त्यांच्याजवळ बसला. नाना काडीनं जमिनीवर नारळाचं पान काढू लागले आणि तो वाकून बघू लागला. मी माझा चहा संपवला, कप ओट्यावर ठेवला आणि खिंडारातून हळूच आमच्याकडं आलो.

सुनीता म्हणाली, "एवढा वेळ काय बोलताहेत दोघं?"

"झाडाचं," मी म्हणालो आणि दार हळू लावलं.